कोकमाचे दोन थेंब

“एकच घोट रे, कुणाला कळतंय?” शाळेच्या सभागृहात व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात समुपदेशक बाईंनी मित्राचं सोंग घेत कोकम सरबताचा ग्लास पुढे केला. नववीतला यशोधन ताठ मानेनं म्हणाला, “नको. मी घेत नाही.” पालकांनी आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

लेकाचं उत्तर ऐकून सुहासची छाती फुगली. मुलांना दारूपासून लांब ठेवायला घरात शिस्त लागते, असं त्यानं मघाशीच माइकवरून सांगितलं होतं. तो स्वतः शनिवारी मित्रांबरोबर बसायचा, पण खोलीचं दार लावून. मुलासमोर कधीच नाही.

“शाब्बास. आता हे सरबत खरंच पी,” बाई हसून म्हणाल्या.

यशोधननं ग्लासात बोट बुडवलं, सराईत दारू पिणाऱ्यासारखे दोन थेंब जमिनीवर उडवले आणि मग ग्लास तोंडाला लावला. मुलं फिदीफिदी हसली. पालकांमध्ये कुणीच हसलं नाही.

“दार लावून बसतोस ना?” शेजारी बसलेली बायको समोर बघतच म्हणाली.

सुहासनं मान खाली घातली. पालकांनाही एव्हाना सरबत वाटलं होतं. त्याच्या हातातला ग्लास अजून भरलेलाच होता, आणि पहिल्या घोटाआधीच्या सवयीनं त्याचं बोट त्यात बुडालेलं होतं.