वसरामचा पावा

वसरामच्या हातचा शिसवी पावा लांबूनही ओळखू यायचा, तोंडाशी तापल्या सळईनं डागलेल्या दोन कड्यांवरून. लाकूड मनासारखं कोरलं गेलं की तो आधी ती खूण डागायचा, भोकं मागून पाडायचा. पार हैदराबादेहून लोक येऊन पावे घेऊन गेले, आणि तो गेला तेव्हा घरात एकही उरला नव्हता.

वर्षश्राद्धाला बापाच्या फोटोपुढं एक तरी पावा असावा म्हणून देविदास आईला न सांगता वसमतला जाऊन आला, डोंगरकडा गावाला जाऊन आला. आज कनेरगाव नाक्याच्या म्हाताऱ्या कोंडीबानं तर पावा छातीशीच धरला. "जीव माग, देतो. ह्यो न्हाई मिळायचा."

दिवेलागणीला देविदास तांड्यावर परतला आणि चुलीपुढं मटकन बसला. रूपाबाईनं लेकाच्या उतरलेल्या तोंडाकडं पाहिलं, चहाचं भगुणं चढवलं आणि फुंकणी त्याच्या हातात दिली.

"फुंक जरा. माह्या छातीत आता दम न्हाई राहिला."

त्यानं फुंकलं. जाळ झाला, आणि अंगठ्याखाली काहीतरी खरबरीत लागलं. त्यानं काजळी पुसली. खाली दोन कडी होती.

"याडी, हे काय?"

"लग्नाच्या साली केला होता तुह्या बापानं, माह्यासाठी. भोकं पाडायला बसला, तर म्याच हातातून हिसकून घेतला. घरात फुंकणी नव्हती, बाबा."