असला धूर

इंग्लंडात रीडिंगला मुलाकडे राहायला आल्यावर पहिल्याच होळीला मधुमतीबाईंनी तव्यावर पुरणपोळी टाकली, तसा छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागला. अंशुमन धावत आला. "आई, प्लीज! इथे असला धूर नाही चालत. शेजारी कम्प्लेंट करतात." बाईंनी तवा उतरवला. विकतच्या पोळीचा नैवेद्य काही त्यांच्या मनाला पटेना, म्हणून पुढच्या चारही होळ्यांना त्यांनी देवापुढे साखरेची वाटी ठेवली आणि हात जोडून क्षमा मागितली.

या नाताळात सून इन्ग्रिडची आई नॉर्वेहून आली. तिनं त्यांच्याकडच्या बटाट्याच्या पोळ्या, लेफ्से, करायला घेतल्या, तसं सगळं घर कौतुकानं ओट्याभोवती जमलं. बाईंनीही पदर खोचून चार लाटून दिल्या. तिसऱ्या पोळीला तव्यावरचं पीठ जळलं, धूर झाला आणि अलार्म वाजला. सवयीनं बाई तवा उतरवायला धावल्या.

"अगं आई, राहू दे गं!" अंशुमन हसत खुर्चीवर चढला आणि त्यानं अलार्मला शॉवर कॅप घातली. "एवढ्याशा धुरानं काय होतंय?"