पहिल्याच चावीला

मुबीन पडला हिकमती. अब्बांच्या जुन्या जीपचं इंजिन चालवायला त्यानं घरीच कंट्रोलर बनवला, पण सकाळच्या गारठ्यात जीप काही उठेना. रोज शेजारचे संभाजीराव आणि तात्या येऊन धक्का मारायचे, मग अब्बांबरोबर ओट्यावर चहा पीत गप्पा छाटायचे. शेवटी मुबीननं गारठ्यातही इंजिन सुरू व्हावं म्हणून कंट्रोलरवर बसणारा जादा सर्किट बोर्ड डिझाइन केला आणि पहिल्याच चावीला जीप सुरू! धक्क्याला आलेली मंडळी चहा-गप्पांविनाच माघारी गेली.

दुसऱ्या दिवशी जीप पुन्हा ढिम्म. मुबीननं बॉनेट उघडलं, तर बोर्डच गायब.



खिसा चाचपत अब्बा पुटपुटले, "बोंबलू नगंस. संभाजीरावांना हाक मार, अन् अम्मीला सांग, चहा टाक."