रंगनाथची बॅटरीगाडी

"आवाजच न्हाई तिचा," बिभीषण म्हणाला. "मागनं येती अन् कळतबी न्हाई."

घोडेगावच्या नाक्यावर जीपवाले बॉनेटला टेकून उभे होते. रंगनाथची बॅटरीवरची रिक्षा नुकतीच सहा भाविक घेऊन शिंगणापूरला गेली होती. छगनची डिझेल जीप नंबराला पहिली, तरी रिकामी.

"चढाला बसंल खाली," छगन म्हणाला.

"शिंगणापूरच्या रस्त्याला चढ हाय कुठं?"

"मग पावसात शॉक देईल. अन् बॅटरी मेली की? नवी बॅटरी घ्यायची म्हंजे दुसरी गाडीच घ्यायची!"

"निम्मी डिझेलवर, निम्मी बॅटरीवर अशी निघाली पायजे बघ."

"व्हय, एका बाजूला बैल जुंप अन् एका बाजूला म्हैस!" छगन खेकसला.

सगळे हसले. छगन सोडून.

त्याला अन्न गोड लागेना. पूर्वी माणसं त्याच्या जीपला लोंबकळून यायची. आता बाया नाकाला पदर लावून त्याच्या धुरातनं वाट काढायच्या अन् रंगनाथच्या गाडीत जाऊन बसायच्या. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत जीप विकावी लागणार, हे त्याला दिसत होतं.

त्यात रंगनाथ शेजारी. शिंगणापुरात दोघांच्या घरांत एकच भिंत. छगनची आई दगडाबाईसुद्धा बाजाराला रंगनाथच्याच गाडीतनं जायची.

"तुझ्या जीपमधी कंबर मोडती रं माझी," ती म्हणायची. "त्याची गाडी म्हंजे पाळणा."

एक दिवस छगननं सहज विचारल्यासारखं विचारलं, "रंगनाथ, लाईट बिल लई येत आसंल?"

"छ्या! आधी येत हुतं तेवढंच येतं," रंगनाथ म्हणाला. "दुपारी तीन तास लावतो चार्जिंगला. बास." अन् शीळ घालत निघून गेला.

ती शीळ छगनच्या कानात दोन दिवस वाजत राहिली. मग तो एकदम पेटला. गाडी पळती, बिल वाढत न्हाई. म्हंजे करंट चोरीचा!

"ज्या गावात घरांना दारं न्हाईत, त्या गावात चोरी!" तो बिभीषणला म्हणाला. "देव बघतोय का न्हाई?"

"त्यालाच इचार की सरळ."

"इचारायचं काय? पकडायचं."

तालुक्याला जाऊन त्यानं वीज मंडळात लेखी अर्ज दिला. वर तोंडी बजावलं, "साहेब, शनिवारी या. शनिवारीच." शनिवारी गर्दी असती. रंगनाथचं तोंड सगळ्यांनी बघितलं पायजे. बुधवारी तर खुशीत येऊन त्यानं बिभीषणला स्वतःहून चहा पाजला.

एरवी दुपारी तो नाक्यावरच असायचा. गुरुवारी भाडं मिळेना म्हणून जेवायला घरी आला, तर रंगनाथच्या पडवीपुढं मंडळाची गाडी उभी. एक साहेब, दोन वायरमन. छगनच्या हातातली किल्ली खाली पडली.

"साहेब, शनिवार म्हणलो हुतो ना!"

"धाड काय सांगून टाकतात? तुम्हीच ना अर्जदार? बरं झालं आलात."

रंगनाथ पायरीवर शेंगा खात बसला होता. उठलासुद्धा नाही. "बघा साहेब. गाडी चार्जिंगलाच हाय."

वायरमननं मीटर तपासलं. सील जागेवर. "मीटर चोख आहे साहेब."

मग त्यानं चार्जरची वायर हातात धरली. वायर मीटरकडं गेलीच नाही. भिंतीवरनं पलीकडं गेली.

"ऱ्हाऊ द्या साहेब," छगन म्हणाला. "अर्ज मागं घेतो. शेजारी हाय शेवटी."

साहेब कुठला ऐकतोय. दार नव्हतंच अडवायला. वायर धरून तिघं थेट छगनच्या घरात शिरले. दगडाबाई ज्वारी पाखडत होती.

"आजी, ही वायर तुम्ही दिली?"

"व्हय. पोरगं मला बाजाराला फुकट नेतं. मग म्या एवढं नको द्यायला?"

"अहो, पण बिल तुमच्यावर येईल की. मीटर कुठंय तुमचं?"

दगडाबाईनं सूप खाली ठेवलं अन् कौतुकानं बाहेरच्या खांबाकडं बोट दाखवलं.

"मीटर कशाला? माझ्या छगननं सवताच्या हातानं तारंवर आकडा टाकलाय की!"