अंदमानचा शंख

बसलिंगप्पांनी तिसऱ्यांदा नाक वर करून वास घेतला आणि जिन्याकडे पाहिलं. वरून दामिनी मॅडम खाली येत होत्या. निलंग्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी ही नांदेडची पोरगी दोन महिन्यांपासून त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होती.

“मॅडम, आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी अंडं शिवलं न्हाई. वर काय शिजवायलात तुम्ही?”

“काका, मी माळकऱ्याच्या घरातली. वरणभात शिजवते.” दामिनी शेवटच्या पायरीवरच थांबली. एकट्या बाईला गावात कुणी खोली देईना, म्हणून आधी महिनाभर तिनं लातूरला मैत्रिणीकडं राहून एसटीनं हेलपाटे घातले होते. “परीक्षा तोंडावर आलीय. खोली सोडायला लावलीत तर कुठं जाऊ?”

बसलिंगप्पांना दया आली, पण वासापुढं दयेचं काय चालणार? वास तर माडीपेक्षा बैठकीतच जास्त होता. त्याचंही कारण त्यांनी शोधून ठेवलं होतं. पाप वर शिजतं, वास खाली उतरतो.

शिवाय बैठकीला सध्या भारी मान होता. आठच दिवसांपूर्वी बसलिंगप्पा अंदमानची सहल करून आले होते. तिथून शिंपले आणायला बंदी, म्हणून येताना पायमोज्यांत लपवून चाळीस शंख-शिंपले आणले. काचेच्या कपाटात मांडले. मोबाईलवर फोटो काढून एकेकाचं नाव हुडकलं, चिठ्ठ्या डकवल्या. त्यांच्या आडतीवर सोयाबीन विकायला घेऊन आलेला माणूससुद्धा व्याख्यान ऐकल्याशिवाय सुटत नव्हता. नाव चुकलं तरी सांगणाऱ्याचा आवाज काही चुकत नव्हता.

दामिनी कपाटाजवळ थबकली. तिनं मधला मोठा शंख उचलला.

“हा वाळूत सापडला का पाण्यात?”

“गुडघाभर पाण्यात. तोंडाला झाकणवाला शंख अख्ख्या टूरमध्ये मलाच गावला.” एवढ्या भांडणातही बसलिंगप्पांना राहवलं नाही.

“झाकण बंद म्हणजे आत जीव होता, काका. तुम्ही जिवंत उचलून आणला. आता तो आत सडतोय.”

तिनं शंख कलता केला. काळं पाणी चिठ्ठीवर ठिबकलं. दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, उमादेवींनी, पदर नाकाला लावला आणि नवऱ्याकडे जसं पाहिलं, तसं तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

बसलिंगप्पांना लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. पण गल्लीत कळलं तर, मठात कळलं तर, हा विचार लाजेच्या पुढं धावला. बायको घरातलीच, ती कुठं बोलणार नव्हती. राहता राहिली दामिनी. त्यांनी शांतपणे शंख तिच्या हातातून घेतला, कागदात गुंडाळला आणि घसा खाकरला.

“उद्या खोली खाली करा, मॅडम. सडक्या मांसाचा वास आम्हाला आठ दिवस वळखू आला न्हाई. तुम्ही उभ्या उभ्या वळखला. आता खाणारं माणूस कोण, ते तुम्हीच सांगा.”