दुसरा संच

"पोरगा पास झालाय आणि तुमचं पान त्याला नापास म्हणतंय," चौकशीच्या खिडकीवरचा कारकून फोनवर मास्तरांना सांगत होता. एक गृहस्थ मंडळाचं पुनर्तपासणीचं पत्र हातात धरून खिडकीशी ठाण मांडून बसले होते.

मास्तरांनी पोराचा बैठक क्रमांक समोरच्या कागदावर उतरवून घेतला. ते काही शिकवणारे मास्तर नव्हते. परीक्षा मंडळाच्या संगणक विभागात नवी पोरं घडवता घडवता हे नाव त्यांना चिकटलं होतं. संकेतस्थळावरचं निकालाचं पान त्यांनीच लिहिलेलं, त्यामुळे त्यांचं उत्तरही ठरलेलं होतं: चूक डेटाबेसवाल्यांची असणार.

चुकायचं दुसऱ्यांनीच, हा कायदा घरीही होता. लेक नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत नापास झाली तेव्हा स्वतःच्या बहिणीसमोर, भरल्या ताटावर त्यांनी तिची सालपटं काढली होती. ज्या मंडळात बापाला चार माणसं मान देतात तिथेच तू माझं नाक कापलंस, असं म्हणाले होते. बायकोने पुनर्तपासणीचा विषय काढला, तर "आता आणखी शोभा नको" म्हणून तिलाही गप्प केलं. लेक ताटावरून उठून गेली. आता ती एका चष्म्याच्या दुकानात भिंगं पुसायची आणि बापाशी हो-नाहीपुरतं बोलायची.

तिचा बैठक क्रमांक लिहिलेली पिवळी चिठ्ठी परीक्षेच्या दिवसापासून मास्तरांच्या मॉनिटरला चिकटलेली होती. काढून टाकायला हात उठत नव्हता.

त्यांनी कोड उघडला. निकाल आणून देणारी प्रोसिजर डेटाबेसमध्येच साठवलेली होती. तिला परीक्षेचं नाव सांगितलं की ती दोन संच परत द्यायची: पहिल्यात मूळ निकाल, दुसऱ्यात पुनर्तपासणीत बदललेले. मास्तरांचा कोड पहिला संच वाचायचा आणि कनेक्शन बंद करून मोकळा व्हायचा. वाढणारी गोड घेऊन येतेय आणि हा आपला हात धुऊन उठलेला.

कोड तपासायचं काम करणारी मुलगी त्यांच्या शेजारीच येऊन बसली होती. चाचणीसाठी ठेवलेली डेटाबेसची प्रत जुनी आहे, तिच्यात पुनर्तपासणीत पास झालेल्यांच्या नमुना नोंदी भराव्या लागतील, कुठले बैठक क्रमांक टाकू, असं काहीतरी ती विचारत होती. मास्तर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "टाक की समोर दिसतील ते नंबर. माझं डोकं खाऊ नकोस." तिने मुकाट्याने काम केलं आणि चहाला निघून गेली.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात ते बजावायचे, की प्रोसिजर एकच संच देईल असं धरून चालू नका, पुढे आणखी आहे का ते विचारा. आणि तेच विचारायला ते स्वतः विसरले होते. आपल्यामुळे किती पोरं नापास म्हणून घरात तोंड लपवून बसली असतील, या विचाराने त्यांचे कान तापले.

पुढचा संच मागणारी ओळ त्यांनी घातली आणि सवयीने चाचणीच्या प्रतीवर कोड चालवला.

दुसरा संच आला. पहिली नोंद खिडकीवरच्या त्या पोराची, उत्तीर्ण. तिच्याखाली त्यांच्या लेकीचं नाव, वडिलांच्या नावासकट. सुधारित निकाल: उत्तीर्ण.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नाव तेच होतं. बायको मोठी वस्ताद, आपल्याला न विचारता तिने गुपचूप अर्ज भरला असणार. बरंच झालं. पोरगी पास झाली होती आणि बापाच्या आळशी कोडने तिला नापास करून ठेवलं होतं. वर बापानेच तिला चारचौघांत सोललं होतं. त्यांना रडू आलं, आणि आसपास कोणी नव्हतं म्हणून ते रडलेही.

चाचणीवाली परत यायच्या आत त्यांनी पिशवी उचलली. वाटेत बहिणीला फोन करून घरी बोलावलं. जो अपमान तिच्यासमोर झाला, त्याची माफीही तिच्यासमोरच व्हायला हवी होती.

संध्याकाळी सगळी जेवणाच्या टेबलाशी बसली. लेक दुकानातून नुकतीच आली होती, तिच्या बोटांना भिंगं पुसायच्या औषधाचा वास येत होता. मास्तर मात्र उभेच राहिले. आयुष्यात कधी वाकायची सवय नव्हती.

"बाळा, मी तुझा गुन्हेगार आहे," अखेर ते म्हणाले. "तू नापास नव्हतीसच. चूक माझ्या कोडची होती. पुनर्तपासणीत तू पास झाली आहेस, मी स्वतः पाहून आलोय. जमलं तर मला माफ कर."

बहिणीने डोळ्यांना पदर लावला. लेकीच्या चेहऱ्यावर लहानपणीचं हसू हळूहळू उमटलं.

"खरंच, बाबा?"

"अगदी खरं. आणि तुझ्या आईचे उपकार, तिने अर्ज भरला म्हणून."

बायकोने दचकून मान हलवली. "मी नाही हो भरला. मला वाटलं, हिनेच."

लेकीने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. चेहऱ्यावरचं हसू विझत गेलं, पण आवाज तिने चढवला नाही.

"बाबा, मी अर्ज केलाच नव्हता. तुम्हीच म्हणालात ना, आणखी शोभा नको."

मास्तरांनी खुर्चीची पाठ धरली. डोळ्यांसमोर मॉनिटरवरची पिवळी चिठ्ठी आली, आणि कानात स्वतःचाच आवाज: टाक की समोर दिसतील ते नंबर.