अनुभवाचा दाखला

सायवनच्या जयवंती वरठाला ओमानमध्ये नोकरी लागली होती. पण तिथलं लायसन्स मिळाल्याशिवाय व्हिसा नव्हता आणि अनुभवाच्या दाखल्याशिवाय लायसन्स नव्हतं. डहाणूच्या खासगी हॉस्पिटलात चार वर्षं व्हेंटिलेटर तीच सांभाळत होती. मालक डॉक्टरांनी मात्र दाखल्यावर ‘मदतनीस’ लिहून दिलं.

“सर, मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे. माझी डिग्री आहे. मदतनिसाला तिकडे लायसन्स देत नाहीत.”

“नाही देत तर नाही. पाड्यावरची पोरगी तू, इथे एसीत वावरतेस ते कमी आहे का? निघ आता, पेशंट खोळंबलेत.”

जयवंतीचे कान तापले. रडायचं नाही, हे ती घरूनच ठरवून आली होती. तिने पर्समधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. आयसीयूच्या परवान्यासाठी गेल्या महिन्यात सरकारी तपासणीला दिलेल्या कर्मचाऱ्यांच्या यादीची ती प्रत होती. ‘रेस्पिरेटरी थेरपिस्ट’समोर एकच नाव होतं, तिचं. खाली डॉक्टरांची सही.

“दाखल्यावरची सही खोटी की यादीवरची, तेवढं लिहून द्या सर. ओमानवाल्यांना आणि तपासणीवाल्यांना, दोघांनाही मी कळवते.”

डॉक्टरांनी उठून केबिनचं दार लावलं. मग दात आवळत चार वर्षांत पहिल्यांदाच ते तिला म्हणाले, “बसा.”